प्रादेशिक अल्पसंख्याकांच्या मागण्या कशा हाताळाव्यात: नेपाळच्या मधेशातील अनुभवावर आधारित मार्गदर्शन

एखाद्या प्रदेशात एकवटून राहणारा अल्पसंख्य समाज राज्यसंस्थेकडे काही मागतो, तेव्हा त्याची मागणी ऐकणारे सरकार बहुधा दुबळे असते. त्यातील घटकपक्षांचा परस्परांवर विश्वास नसतो, तिजोरीत फारसे काही नसते आणि पुढची निवडणूक जवळ आलेली असते. विकसनशील लोकशाहीत हीच नेहमीची परिस्थिती असल्यामुळे, स्थिर सरकार येईपर्यंत प्रश्न बाजूला ठेवावा हा सल्ला प्रत्यक्षात कोणाच्याच उपयोगाचा नसतो. पुढील विवेचन अशा सरकारात, विधिमंडळात, प्रशासनात किंवा मध्यस्थीच्या कामात असलेल्यांसाठी आणि या घडामोडींचा अभ्यास करणाऱ्यांसाठी आहे. त्यासाठी नेपाळमधील मधेशचे उदाहरण घेतले आहे, कारण तिथे एकाच प्रश्नावर शहाणपणाचे आणि अविचाराचे जवळजवळ सर्व उपाय गेल्या दोन दशकांत करून झाले आहेत.

नेपाळच्या दक्षिणेकडील तराई या सपाट पट्ट्यात मैथिली, भोजपुरी, अवधी, थारू अशा भाषा बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. या पट्ट्याला मधेश आणि त्यांतील बहुतेकांना मधेशी असेही म्हणतात. 2011 च्या जनगणनेनुसार देशाची निम्म्याहून किंचित अधिक लोकसंख्या तराईत होती. त्यात डोंगराळ भागातून येऊन स्थायिक झालेले पहाडी लोकही मोठ्या संख्येने असल्यामुळे मधेशी समाज देशात अल्पसंख्यच राहतो. राजवट, सैन्य, नोकरशाही आणि प्रमुख पक्षांचे नेतृत्व दीर्घकाळ पहाडी उच्चवर्णीयांच्या हाती होते, आणि पंचायत काळात, म्हणजे 1960 ते 1990 च्या राजाच्या पक्षविरहित राजवटीत, एक भाषा व एक पोशाख हीच राष्ट्रीयत्वाची खूण मानली गेली. सीमेपलीकडच्या बिहार आणि उत्तर प्रदेशाशी रोटी-बेटीचे व्यवहार असलेल्या मधेशी माणसाला आपण नेपाळीच आहोत हे सरकारी कार्यालयात पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागत होते. पुढच्या सगळ्या मागण्यांचे मूळ या एका अनुभवात आहे.

मागणी शांत असतानाच नोंदवून घ्यावी

मधेशचा प्रश्न 2007 मध्ये अचानक उद्भवला असे काठमांडूत अनेकांना वाटले, पण कागदपत्रे वेगळेच सांगतात. 1951 मध्ये स्थापन झालेल्या नेपाळ तराई काँग्रेसने स्वायत्त तराई, हिंदीला मान्यता आणि सरकारी नोकऱ्यांत वाटा या तीन मागण्या मांडल्या होत्या. 1957 मध्ये शाळांत नेपाळी हेच माध्यम राहील असे धोरण आले, तेव्हा तराईत निदर्शने झाली. गजेंद्र नारायण सिंह यांनी 1983 मध्ये सद्भावना परिषद उभी केली आणि 1990 मध्ये बहुपक्षीय लोकशाही परतल्यावर तिचा पक्ष झाला. संघराज्य, नागरिकता आणि भाषा या मागण्या तो पक्ष संसदेत सातत्याने मांडत राहिला. त्याला 1991 मध्ये सहा, 1994 मध्ये तीन आणि 1999 मध्ये पाच जागा मिळाल्या, आणि एवढ्या लहान पक्षाची दखल घेण्याचे कारण मोठ्या पक्षांना दिसले नाही. जून 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजविराज नगरपालिका आणि धनुषा जिल्हा विकास समितीने कामकाजात मैथिलीचा वापर करणे घटनाबाह्य ठरवले. त्याच निकालाने काठमांडू महानगरपालिकेतील नेपाळभाषेचा, म्हणजे नेवारीचा, वापरही थांबला. स्थानिक संस्थांनी अत्यंत सौम्य आणि सनदशीर मार्गाने केलेला तो प्रयत्न होता.

म्हणून पहिले काम असे की, प्रत्येक प्रदेशातून आलेली निवेदने, स्थानिक संस्थांचे ठराव, फेटाळली गेलेली अशासकीय विधेयके आणि न्यायालयात हरलेले दावे यांची एक नोंद सरकारने ठेवावी, आणि त्यावर संबंधित मंत्र्याने विधिमंडळात दरवर्षी उत्तर द्यावे. पाच जागांचा प्रादेशिक पक्ष मतांच्या हिशोबात किरकोळ दिसतो, पण तो राज्यसंस्थेला फुकट मिळणारी आगाऊ सूचना असतो. त्याचा नेता संसदेत बोलत आहे तोपर्यंत त्याच्याशी होणारी तडजोड सर्वांत कमी किमतीची असते. त्याच्यानंतर येणारा नेता रस्त्यावरून येतो, आणि तो आपल्या अनुयायांना सांगतो की संसदेत बोलून काही मिळत नाही.

नेमके हेच घडले. 15 जानेवारी 2007 रोजी हंगामी राज्यघटना लागू झाली आणि तिच्यात संघराज्याचा उल्लेख नव्हता. दुसऱ्याच दिवशी उपेंद्र यादव यांच्या मधेशी जनाधिकार फोरमच्या कार्यकर्त्यांनी काठमांडूत तिच्या प्रती जाळल्या आणि त्यांना अटक झाली. त्यानंतर तराईतील लहान नावाच्या शहरात माओवादी कार्यकर्त्याच्या गोळीने एका किशोरवयीन मुलाचा मृत्यू झाला आणि तराई पेटली. पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला यांचे 31 जानेवारीचे भाषण मोघम असल्यामुळे आंदोलन थांबले नाही. 7 फेब्रुवारीला त्यांनी संघराज्य आणि लोकसंख्येनुसार मतदारसंघ ही दोन्ही आश्वासने स्पष्ट शब्दांत दिली, आणि मार्चमध्ये घटनादुरुस्ती झाली. पन्नास वर्षांच्या अर्जविनंत्यांनी जे साधले नव्हते ते तीन आठवड्यांच्या बंदने साधले. सरकारने योग्य तेच दिले, परंतु ज्या क्रमाने दिले त्यातून संपूर्ण प्रदेशाने जो धडा घेतला तो पुढची दहा वर्षे पुसला गेला नाही.

मागण्यांची फोड करावी

आंदोलनाच्या व्यासपीठावरून येणारी मागणी एकसंध भासते, पण तिच्यात वेगवेगळ्या कायद्यांशी, वेगवेगळ्या खर्चाशी आणि वेगवेगळ्या विरोधकांशी निगडित अशा अनेक मागण्या एकत्र बांधलेल्या असतात. वाटाघाटीला बसण्यापूर्वी त्या सुट्या कराव्यात आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ती पूर्ण करण्यास कोणता कायदा किंवा दुरुस्ती लागेल, त्यासाठी किती बहुमत हवे, आणि ती मान्य झाल्यास कोणाचे काय जाईल. मधेशच्या बाबतीत अशी फोड केली तर नागरिकता, प्रतिनिधित्व, नोकऱ्या, भाषा आणि प्रदेशाची सीमा असे पाच भाग पडतात. पहिल्या चारांवर तोडगा तुलनेने सोपा होता. पाचव्याने सगळ्यांना गिळून टाकले.

नागरिकतेचा प्रश्न सर्वप्रथम सोडवावा, कारण ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही तो जमीन नावावर करू शकत नाही, सरकारी नोकरीस पात्र ठरत नाही आणि वाटाघाटीतून मिळालेल्या इतर कोणत्याही हक्काचा त्याला उपयोग होत नाही. नोव्हेंबर 2006 च्या कायद्याने एप्रिल 1990 च्या मध्यापूर्वी नेपाळमध्ये जन्मलेल्या आणि कायम तिथेच राहणाऱ्यांना जन्माच्या आधारे नागरिकता घेण्याची संधी दिली, आणि 2007 च्या सुरुवातीला फिरत्या पथकांनी गावोगाव जाऊन सुमारे 26 लाख प्रमाणपत्रे वाटली. या मोहिमेतील प्रशासकीय शहाणपण अनुकरणीय आहे: अर्जदाराने जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालाव्यात अशी अपेक्षा न ठेवता कार्यालयच त्याच्या गावात नेले गेले.

दोष पुढच्या पिढीच्या बाबतीत राहिला. जन्माच्या आधारे नागरिक झालेल्यांच्या मुलांना वंशाच्या आधारे नागरिकता मिळेल अशी तरतूद 2015 च्या राज्यघटनेत आली, पण तिच्यासाठी आवश्यक कायदा झाला नाही. तो 2022 मध्ये संसदेने दोनदा मंजूर करूनही राष्ट्रपती विद्यादेवी भंडारी यांनी प्रमाणित केला नाही, आणि अखेरीस 31 मे 2023 रोजी राष्ट्रपती रामचंद्र पौडेल यांच्या स्वाक्षरीने तो लागू झाला. आईवडील नागरिक असूनही स्वतः कागदाविना राहिलेल्या तरुणांनी शिक्षण आणि नोकरीची ती वर्षे गमावली. घटनेत हक्क लिहिताना त्याचा अंमलबजावणी कायदा त्याच अधिवेशनात मांडण्याचा आग्रह धरावा, हे यातून शिकण्यासारखे आहे.

प्रतिनिधित्वाच्या मागणीत भावनेपेक्षा आकड्यांना महत्त्व द्यावे. नव्या घटनेने प्रतिनिधी सभेच्या 275 पैकी 165 जागा थेट निवडणुकीसाठी आणि 110 जागा प्रमाणशीर पद्धतीसाठी, म्हणजे पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटण्यासाठी, ठेवल्या. आधीच्या संविधान सभेत 601 पैकी 335 जागा प्रमाणशीर होत्या, त्यामुळे विखुरलेल्या समाजांचा वाटा आक्रसणार हे उघड होते. साहजिकच मतदारसंघ कोणत्या निकषावर आखायचे हा वाद तीव्र झाला. 23 जानेवारी 2016 च्या पहिल्या दुरुस्तीने लोकसंख्या हा मुख्य आणि भूगोल हा दुय्यम निकष ठरला. 2017 च्या रचनेत तेव्हाच्या प्रदेश क्रमांक 2 ला, म्हणजे आजच्या मधेश प्रदेशाला, 165 पैकी 32 मतदारसंघ मिळाले, म्हणजे एकोणीस टक्क्यांहून थोडे अधिक, आणि 2011 च्या जनगणनेनुसार त्याचा लोकसंख्येतील वाटा सुमारे वीस टक्के होता. ही तडजोड टिकली, कारण ती मोजता येत होती. वरिष्ठ सभागृहात मात्र प्रत्येक प्रदेशाला लोकसंख्या कितीही असली तरी आठच जागा आहेत आणि ती तक्रार अजून शिल्लक आहे. संघराज्यात अशी समान विभागणी असणे चूक नाही; मात्र एका सभागृहात संख्येला आणि दुसऱ्यात प्रदेशाला मान का दिला आहे, हे सरकारने तराईत जाऊन समजावून सांगायला हवे होते.

नोकऱ्यांबाबत 2007 मध्ये नागरी सेवा कायद्यात केलेली दुरुस्ती हे चांगले उदाहरण आहे. खुल्या स्पर्धेतून भरायच्या जागांपैकी 45 टक्के राखीव ठेवून त्या राखीव जागांतील 22 टक्के मधेशींना, 27 टक्के आदिवासी जनजातींना, 33 टक्के महिलांना, 9 टक्के दलितांना आणि उरलेल्या अपंग व मागास भागांना दिल्या गेल्या. एकाच कायद्यात अनेक वंचित घटकांना स्थान दिल्यामुळे मधेशींना काहीतरी वेगळे दिले गेले असा समज पसरला नाही. याउलट सैन्यात मधेशींचा सामूहिक प्रवेश ही मागणी फेब्रुवारी 2008 च्या करारात घाईने लिहिली गेली. तिचा अर्थ सैन्याने, पक्षांनी आणि आंदोलकांनी वेगवेगळा लावला, आणि ती वर्षानुवर्षे खटके उडवत राहिली.

भाषेच्या प्रश्नात प्रतीकांचे वजन ओळखावे. जुलै 2008 मध्ये उपराष्ट्रपती परमानंद झा यांनी हिंदीतून शपथ घेतली आणि पहाडी भागात संतापाची लाट उसळली, कारण मैथिली ही देशाची भाषा वाटणाऱ्यांनाही हिंदी ही शेजारी देशाची भाषा वाटत होती. सर्वोच्च न्यायालयाने ती शपथ अवैध ठरवली. काही काळ उपराष्ट्रपतिपद निष्क्रिय राहिले, आणि मग मातृभाषेतून शपथ घेण्यास मुभा देणारी दुरुस्ती झाल्यावर 2010 मध्ये त्यांनी मैथिली आणि नेपाळीतून पुन्हा शपथ घेतली. हा उपाय पहिल्याच दिवशी उपलब्ध होता. कोणत्या पदाची शपथ, कोणत्या कार्यालयातील पाटी आणि कोणत्या परीक्षेचे माध्यम कोणत्या भाषेत असू शकते, हे नियमांत आधीच लिहून ठेवल्यास असे प्रसंग टाळता येतात.

सीमेच्या प्रश्नात निकष आधी ठरवावेत

सीमेचा प्रश्न सर्वांत अवघड असतो, कारण त्यात दोन्ही बाजूंना एकाच जमिनीवर हक्क सांगायचा असतो आणि मध्यबिंदू शोधता येत नाही. मधेशी पक्षांची घोषणा पूर्वेच्या मेचीपासून पश्चिमेच्या महाकाली नदीपर्यंत संपूर्ण तराईचा एकच प्रदेश व्हावा अशी होती. काठमांडूला तीत देशाची जवळजवळ सगळी सुपीक जमीन आणि भारताला लागून असलेली दक्षिण सीमा एका प्रदेशाच्या हाती जाण्याची भीती दिसत होती. पश्चिमेच्या थारूंना मधेशी म्हणवून घेणेच मान्य नव्हते, आणि 2009 मध्ये त्यांनी त्यासाठी स्वतंत्र आंदोलनही केले होते. वर्षानुवर्षांच्या चर्चेनंतर खरा वाद पूर्वेकडील झापा, मोरङ, सुनसरी आणि पश्चिमेकडील कैलाली, कंचनपूर या पाच जिल्ह्यांपुरता उरला होता. हे मोठे यश होते, पण त्याचा उपयोग करून घेतला गेला नाही.

चूक अशी झाली की जिल्हा हाच मोजमापाचा एकक धरला गेला. जिल्हा अखंड ठेवायचा म्हटले की तो या बाजूला किंवा त्या बाजूला, एवढेच पर्याय उरतात. महाराष्ट्रातील वाचकांना असा वाद परिचित असेल. आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमा ठरवताना मध्यस्थ ह. वि. पाटसकर यांनी गाव हा एकक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत ही तत्त्वे वापरली होती, आणि बेळगावच्या प्रश्नात महाराष्ट्राने तीच तत्त्वे लावण्याची मागणी केली. निकषांवर दोन्ही राज्यांची आधी सहमती न होताच 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला, आणि तो वाद आजही न्यायालयात आहे. आयोगाला प्रश्न सोपवण्यापूर्वी एकक कोणता, कोणती जनगणना ग्राह्य आणि निर्णय बंधनकारक असेल की शिफारस, या तीन बाबींवर सर्व पक्षांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात. त्या मिळत नसतील तर आयोग नेमून केवळ वेळ काढला जाईल.

2015 मध्ये नेपाळने याच्या नेमके उलट केले. एप्रिलच्या भूकंपानंतर राष्ट्रीय एकजुटीचे वातावरण होते. त्याचा लाभ घेऊन 8 जून रोजी चार पक्षांनी सोळा कलमी करार केला आणि आठ प्रदेशांच्या सीमा नंतर आयोगाने ठरवाव्यात असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने सीमा आधी ठरवण्यास सांगितले, तेव्हा ऑगस्टमध्ये सहा प्रदेशांचा नकाशा घाईघाईने पुढे आला. सुर्खेत आणि जुम्ला भागात निदर्शने झाली आणि दोनच आठवड्यांत सहाचे सात प्रदेश करण्यात आले. त्याच काळात थारू आणि मधेशी आंदोलकांच्या मागणीवर नकाशा हलला नाही. डोंगरातील लोकांचे ऐकले जाते आणि आमचे नाही, याचा याहून ठळक पुरावा तराईला कोणी देऊ शकले नसते. 24 ऑगस्टला कैलालीतील टीकापूर येथे जमावाने आठ सुरक्षा कर्मचाऱ्यांना आणि एका लहान मुलाला ठार केले. दुसऱ्या दिवशी संचारबंदी असताना थारूंची घरे जाळली गेली. 20 सप्टेंबरला मधेशी पक्षांच्या बहिष्कारात, 507 मतांच्या प्रचंड बहुमताने संमत झालेली राज्यघटना जाहीर झाली. ती जाहीर करणारे राष्ट्रपती रामवरण यादव हे स्वतः धनुषा जिल्ह्यातील मधेशी होते, यावरून उच्चपदी एखादी व्यक्ती असणे आणि समाजाची संमती असणे यांत किती अंतर आहे ते कळते.

दोन तृतीयांशांहून मोठे बहुमत मिळाले म्हणजे प्रश्न सुटला, असे मानण्याचा मोह सत्ताधाऱ्यांनी टाळावा. प्रादेशिक अल्पसंख्य समाज व्याख्येनेच मतदानात हरणारा असतो, त्यामुळे मतदानाचा आकडा त्याच्यासाठी काहीही सिद्ध करत नाही. त्याच्या प्रतिनिधींनी सभागृहात बसून विरोधात मत नोंदवले, इतके जरी साधले असते तरी पुढचे बरेच टळले असते, आणि त्यासाठी आणखी काही आठवडे थांबणे परवडण्यासारखे होते.

करार लिहिताना

आंदोलन थांबवण्यासाठी रात्री उशिरा केलेले करार मधेशात अनेक झाले: ऑगस्ट 2007 चा बावीस कलमी, फेब्रुवारी 2008 चा आठ कलमी, आणि त्यांच्या मागेपुढे इतर गटांशी झालेले. निवडणूक तोंडावर असल्यामुळे सरकारने मागेल ते लिहून दिले. आठ कलमी करारातील स्वायत्त मधेश प्रदेशाचे शब्द एप्रिल 2008 ची निवडणूक पार पाडण्यापुरते उपयोगी पडले, फोरम संविधान सभेतील चौथा मोठा पक्ष झाला, आणि पुढे त्याच शब्दांचा हवाला देऊन प्रत्येक नकाशाला विश्वासघात ठरवता आले. पूर्ण करण्याची शक्यता नसलेले कलम लिहून देण्यापेक्षा त्या कलमावर मतभेद कायम आहेत असे करारातच नोंदवावे. आंदोलक नेते त्या क्षणी नाराज होतात, पण त्यांनाही घरी जाऊन सांगता येईल असे काहीतरी बाकीच्या कलमांत असते.

प्रत्येक कलमापुढे जबाबदार मंत्रालय, आवश्यक कायदा आणि तारीख लिहावी, आणि तारीख चुकल्यास काय होईल हेही लिहावे. तारखेशिवायचे आश्वासन किती काळ पडून राहू शकते हे पाहण्यासाठी नेपाळला जाण्याची गरज नाही. 1953 च्या नागपूर करारातील समतोल विकासाच्या आश्वासनाला 1956 मध्ये घटनेच्या 371 व्या कलमात स्थान मिळाले, आणि विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांची वैधानिक विकास मंडळे प्रत्यक्षात आली ती 1994 मध्ये. त्यांची मुदतही 2020 मध्ये संपली.

स्वाक्षरी कोणाची घ्यावी हा प्रश्न कलमांइतकाच महत्त्वाचा आहे. मधेशी पक्ष सतत फुटत होते. 2009 मध्ये विजयकुमार गच्छदार फोरममधून बाहेर पडले, नंतर आणखी फूट झाली, आणि 2013 च्या निवडणुकीत या सर्वांचे बळ घटले. अशी फूट सरकारला सोयीची वाटते. मंत्रिपदे देऊन ती वाढवताही येते. परंतु फोडलेल्या नेत्याशी केलेला करार त्याच्या प्रदेशात कोणी मानत नाही. सोळा कलमी करारावर गच्छदार यांची स्वाक्षरी होती आणि तिचा तराईत काहीही उपयोग झाला नाही. प्रतिनिधी ठरवणे त्या समाजावर सोपवावे, आणि तो एकत्र येईपर्यंत त्याला बैठकीसाठी वेळ व सुरक्षितता द्यावी.

त्याच टेबलाजवळ प्रदेशातील इतरांनाही जागा असावी. मधेशात थारू आहेत, मुस्लिम आहेत, मधेशी दलित आहेत, आणि दशकांपूर्वी आलेले पहाडी रहिवासी आहेत. 2007 नंतरच्या अशांत काळात यांतील अनेक पहाडी कुटुंबांनी घरेदारे सोडली. राजधानीत अल्पसंख्य असलेला समाज स्वतःच्या प्रदेशात बहुसंख्य होतो, आणि मागितलेले संरक्षण त्यालाही इतरांना द्यावे लागते. 2015 च्या घटनेने मधेशी, थारू आणि मुस्लिम असे तीन वेगळे आयोग निर्माण केले ते याच जाणिवेतून.

शेजारी देश, हिंसा आणि सत्यशोधन

सप्टेंबर 2015 पासून फेब्रुवारी 2016 पर्यंत भारताच्या सीमेवरून होणारा मालपुरवठा जवळजवळ ठप्प होता. मधेशी आंदोलक वीरगंजच्या नाक्यावर ठाण मांडून होते, नेपाळने भारताला जबाबदार धरले आणि भारताने नाकाबंदी लादल्याचे नाकारले. भूकंपातून सावरू पाहणाऱ्या देशात इंधन, स्वयंपाकाचा गॅस आणि औषधे मिळेनाशी झाली. त्याचा राजकीय परिणाम मधेशींच्या मुळावर आला, कारण काठमांडूच्या दृष्टीने त्यांची प्रत्येक मागणी आता परक्याची मागणी ठरली. सरकारने अशा वेळी देशांतर्गत वाटाघाटी परराष्ट्र व्यवहारापासून काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्यात, आणि स्वतःच्या नागरिकांना हस्तक म्हणणाऱ्या आपल्याच मंत्र्यांना आवर घालावा. आंदोलकांच्या नेत्यांनीही शेजाऱ्याचा दबाव उसना घेण्याआधी त्याची परतफेड पुढे कोणाला करावी लागेल याचा विचार करावा.

2015–16 च्या आंदोलनात पन्नासच्या आसपास माणसे मारली गेली. त्यात गोळीबारात मेलेले निदर्शक होते, बघे होते आणि पोलीसही होते. सरकारने सप्टेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश गिरीशचंद्र लाल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याने डिसेंबर 2017 मध्ये अहवाल दिला, आणि मधेशी नेत्यांनी सतत मागणी करूनही पुढची कित्येक वर्षे तो प्रसिद्ध झाला नाही. अहवाल किती दिवसांत सभागृहापुढे ठेवला जाईल, ही अट आयोगाच्या नेमणुकीच्या आदेशातच असली पाहिजे. मृतांच्या कुटुंबांना पैशांची भरपाई मिळाली तरी आपल्या माणसाला कोणाच्या आदेशाने गोळी लागली हे त्यांना कळलेच पाहिजे, मग ते कुटुंब निदर्शकाचे असो वा शिपायाचे.

परतीची वाट आणि फेरविचाराची तारीख

असंतोष लांबला की काहीजण वेगळा देश मागू लागतात. मधेशात केंब्रिजमध्ये शिकलेल्या सी. के. राउत यांनी परदेशातून परत येऊन स्वतंत्र मधेशची चळवळ उभी केली. त्यांना वारंवार अटक झाली, पण त्यांचे अनुयायी वाढतच गेले. 8 मार्च 2019 रोजी के. पी. ओली यांच्या सरकारने त्यांच्याशी अकरा कलमी करार केला. राउत यांनी फुटीरतेचा मार्ग सोडून जनमत पक्ष स्थापन केला, आणि 2022 च्या निवडणुकीत सप्तरीच्या मतदारसंघात त्यांनी खुद्द उपेंद्र यादव यांचा पराभव केला. ज्या ओलींवर मधेशी समाजाचा सर्वाधिक रोष होता त्यांनीच हा करार केला, आणि यात एक व्यावहारिक सूचना आहे: बहुसंख्याकांचा विश्वास असलेल्या कठोर नेत्याला अशी तडजोड करणे मवाळ नेत्यापेक्षा सोपे जाते, म्हणून मध्यस्थांनी त्याच्याकडे जाणे टाळू नये.

प्रदेश स्थापन झाला म्हणजे काम संपत नाही. प्रदेश क्रमांक 2 मध्ये 2018 च्या सुरुवातीला मधेशी पक्षांचे स्वतःचे सरकार आले, आणि 17 जानेवारी 2022 रोजी प्रदेश सभेने मधेश हे नाव व जनकपूर ही राजधानी निश्चित केली. त्या नावासाठी किती माणसे झगडली हे लक्षात घेता तो मोठा दिवस होता. पण प्रादेशिक पोलीस दल, कर्मचारी आणि वनसंपत्ती यांवरील अधिकारांबाबत केंद्राने हात आखडता घेतला, आणि विकासाच्या निर्देशांकांत तो प्रदेश आजही मागे आहे. अधिकार हस्तांतरित करताना त्याबरोबर निधी, मनुष्यबळ आणि कायद्याचा मसुदा एकाच वेळी द्यावा; निधीविना दिलेले अधिकार नव्या प्रादेशिक सरकारला स्वतःच्या मतदारांपुढे अपयशी ठरवतात.

कोणतीही रचना करताना तिच्या फेरविचाराची मुदत त्याच दस्तऐवजात असावी. नेपाळच्या घटनेने मतदारसंघांच्या पुनर्रचनेसाठी वीस वर्षांची मुदत ठेवली आहे, आणि 2017 ची रचना त्या हिशोबाने 2037 मध्ये पुन्हा तपासली जाईल. दरम्यान 2021 च्या जनगणनेत मधेश प्रदेशाची लोकसंख्या एकसष्ट लाखांवर गेली आहे, तर डोंगराळ जिल्ह्यांतून माणसे बाहेर पडत आहेत. तराईचा वाटा वाढतच जाणार असल्यामुळे पुढची फेररचना याहून कठीण असेल, आणि तिचे निकष, एकक व आयोगाची रचना यांवरील चर्चा निवडणूक दूर असताना आजपासूनच सुरू करणे शक्य आहे.